लाटेच्या शोधात

१९६३ साल सरत आले होते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने केप टाउनहून दरबानच्या दिशेने एक मोटार चालली होती. मोटारीबरोबर माणसाच्या दीडपट लांबीच्या, दोन्ही टोकांस निमुळत्या आणि घोटून गुळगुळीत केलेल्या फळ्या होत्या. प्रवाशांत ब्रूस ब्राउन हा पंचविशीतला चित्रपटकार होता. रॉबर्ट ऑगस्ट आणि माइक हिन्सन हे त्याचे दोन तरुण सोबती होते. ऑगस्टची तर शाळा नुकतीच संपली होती. तिघेही अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे राहणारे. सोन्याच्या खाणी व सिंहांची अरण्ये पाहण्यासाठी पुष्कळ लोक आफ्रिकेत जातात. हे तिघे मात्र एका लाटेच्या शोधात निघाले होते.

समुद्रात लाटांना काय तोटा, असे कोणासही वाटेल. मालवणच्या किंवा गुहागरच्या पुळणीवर उभे राहिले, तर घटकाभरात शेकडो लाटा पायांशी येऊन फुटतात. मग एका लाटेसाठी अर्धी पृथ्वी ओलांडून जाण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी त्या फळ्यांचा खेळ आधी समजून घेतला पाहिजे.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर हा खेळ फार प्राचीन काळापासून चालत आलेला आहे. तेथील राजे, स्त्रिया, कोळी, मुले, सारेच लाकडी फळ्या घेऊन समुद्रात जात. पाठीमागून मोठी लाट येताना दिसली की फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारीत, आणि लाटेने फळी उचलताच तीवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येत. एकोणिसाव्या शतकात बेटांवर परकीयांचे वर्चस्व वाढले, नव्या रोगांनी मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटली आणि हा खेळ जवळजवळ लोपला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा उदयास आला. ड्यूक कहानामोकू या हवाई जलतरणपटूने १९१२ आणि १९२० या दोन्ही वर्षी ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदके मिळवली होती. पोहण्याच्या निमित्ताने तो देशोदेशी फिरे आणि फळीवरचा खेळही दाखवी. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातील लोकांनी त्याचा खेळ पाहिला, आणि तेथे या खेळाचे वेड पसरले ते अजून ओसरलेले नाही. इंग्रजीत या खेळास सर्फिंग म्हणतात. तो खेळणाऱ्यास आपण लाटस्वार म्हणू.

जुन्या फळ्या भरीव लाकडाच्या असत. एकेक फळी फार जड असे, त्यामुळे खेळाडू घराजवळच्या किनाऱ्यासच बांधलेला राही. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फळ्या आल्या, आणि १९५८ च्या सुमारास कृत्रिम फेसावर काचतंतूंचे कवच चढवलेल्या फळ्या होऊ लागल्या. अशी फळी एकटा मुलगा काखेत मारून नेऊ शके. त्याच काळी कॅलिफोर्नियात लाकडी सांगाड्याच्या जुन्या, लांबलचक मोटारी मोडीच्या भावात मिळत. तरुणांनी त्या विकत घेतल्या, त्यांत फळ्या कोंबल्या, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने भटकण्यास आरंभ केला. गलबतावरून किनारा पाहणाऱ्यास खडक टाळावयाचा असतो. मोटारीतून पाहणारे हे नवे प्रवासी मात्र नेमका तोच खडक शोधू लागले. किनाऱ्याचे नकाशे पूर्वी कोणी अशा दृष्टीने वाचले नसतील.

लाटस्वारास लाट तर हवीच, पण ती कशी फुटते यावर सारे काही अवलंबून असते. सरळ, उथळ पुळणीवर लाट येते तेव्हा तिची सारी रांग एकाच वेळी कोसळते. तीवर स्वार झालेला मनुष्य क्षणात फेसात सापडतो व खेळ आटोपतो. त्यास पाहिजे असते ती एका टोकापासून फुटत फुटत दुसऱ्या टोकाकडे जाणारी लाट. अशा लाटेचा फुटलेला भाग मागे फेसाळत असतो आणि पुढचा भाग काचेच्या भिंतीसारखा उभा राहिलेला असतो. त्या भिंतीवरून तिरपे घसरत जाणे हा या खेळाचा प्राण होय. अशी लाट कोठेही सापडत नाही. तिच्यासाठी तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो.

पहिली गोष्ट दूरचे वादळ. किनाऱ्यावर येणारी मोठी लाट पुष्कळदा तेथल्या वाऱ्याने उठलेली नसते. ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर जन्मलेली असते. वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर तिचा आकार ठरतो. दक्षिण गोलार्धात चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात जमीन जवळजवळ नाहीच. तेथे पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती अडथळ्यावाचून घोंघावत असतात. खलाशांनी त्या पट्ट्यास ‘गरजणारे चाळीस’ असे नाव दिले आहे. तेथील वादळात प्रथम पाणी नुसते खवळलेले, वेडेवाकडे असते. पुढे लाटा वादळातून बाहेर पडून प्रवास करू लागल्या म्हणजे लांब लाटा वेगाने पुढे जातात, आखूड मागे पडतात, आणि हळूहळू त्यांच्या शिस्तबद्ध रांगा तयार होतात. एका ठिकाणी उभे राहून मोजले असता दोन शिखरांमध्ये १४ सेकंदांचे अंतर पडत असेल, तर खोल समुद्रात त्या लाटेची लांबी सुमारे ३०० मीटर असते. अशा लाटांचा समूह दिवसाकाठी सुमारे ९०० किलोमीटर मजल मारतो. या प्रवासात पाणी मात्र फारसे पुढे जात नाही. ते जागच्या जागी वर-खाली गोल फिरते, आणि केवळ वादळाची शक्ती पुढे जाते. वाऱ्याने डोलणाऱ्या जोंधळ्याच्या शेतातून लहर धावते, पण ताटे आपापल्या जागीच राहतात, तसेच हे.

हीच दक्षिणेची लांब लाट आपल्या देशापर्यंतही येते. उन्हाळ्यात वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असते, आणि एकाएकी समुद्र किनाऱ्यावर चढून येतो. केरळातील कोळी त्यास ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. चोरपावलांनी आलेला समुद्र, असा त्या शब्दाचा अर्थ. हैदराबाद येथील महासागर माहिती सेवा केंद्र आता अशा लाटांची सूचना किनाऱ्यावरील लोकांस आधी देते.

दुसरी गोष्ट समुद्राच्या तळाची ठेवण. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेस तळ जाणवू लागतो. तळ जाणवताच तिचा वेग मंदावतो व उंची वाढते. दोन मीटर उंचीची लाट साधारणपणे अडीच मीटर खोलीच्या पाण्यात येऊन कोसळते. आता समजा, लाटेची रांग एका भूशिराजवळून चालली आहे. भूशिरालगतचे पाणी उथळ असते, म्हणून रांगेचे ते टोक रेंगाळते. खोल पाण्यातील टोक पुढे धावते. यामुळे सारी रांग वळते व भूशिरास वळसा घालून मागच्या उपसागरात शिरते. कवायत करणारी पलटण कोपऱ्यावर वळताना आतला शिपाई जागीच पावले टाकतो आणि बाहेरचा धावतो, तसाच हा प्रकार आहे. वळता वळता ती रांग किनाऱ्यास तिरपी भेटते, आणि एका टोकापासून क्रमाक्रमाने फुटत जाते.

तिसरी गोष्ट जागेवरचा वारा. समुद्राकडून येणारा वारा लाटेस मागून ढकलून लवकर पाडतो व पाणी खडबडीत करतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेच्या तोंडास टेकू देतो. लाट अधिक वेळ उभी राहते आणि तिचे अंग आरशासारखे होते.

तेव्हा शोधाची रीत उघड आहे. नकाशा पुढे घ्यावा, ज्या बाजूने लाट येते त्या बाजूस नाक काढून उभी असलेली भूशिरे हेरावी, आणि ज्या भूशिराच्या आडोशास रोजचा वारा जमिनीवरून वाहतो, ते आधी निवडावे. एवढे काम घरी बसून होते. पण त्या काळच्या नकाशात समुद्राच्या तळाशी वाळू आहे की गोटे, भरतीस लाट चांगली होते की ओहोटीस, हे काहीच सापडत नसे. ते पाहण्यासाठी जावेच लागे. मुख्य रस्ता बहुधा किनाऱ्यापासून दूर असे. तो सोडून खडीच्या वाटेस लागावे, कोणाच्या शेतातून जाताना फाटक उघडावे, आणि पलीकडे गेल्यावर ते आठवणीने लावून घ्यावे. फाटक उघडे टाकले आणि मेंढ्या बाहेर पडल्या, तर पुढच्या प्रवाशास ती वाट कायमची बंद होई. मग एखाद्या उंचवट्यावर मोटार थांबवून समुद्राकडे पाहत राहावे. तासभर पाहिल्यावाचून काही कळत नाही, कारण मोठ्या लाटा चार-सहाच्या तुकडीने येतात आणि मध्ये दीर्घ विश्रांती घेतात. उतावळा मनुष्य नेमका त्या विश्रांतीत निघून जातो.

दक्षिण आफ्रिकेत या रीतीने किनारा पाहणारा एक मनुष्य ब्राउनच्या आधीपासून होता. त्याचे नाव जॉन व्हिटमोर. तो केप टाउनचा रहिवासी. मोटारी विकण्याचा त्याचा व्यवसाय होता, आणि कामाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रवासात त्याचे एक लक्ष रस्त्यावर तर दुसरे समुद्रावर असे. फळ्या तो स्वतः बनवी, कारण त्या देशात तेव्हा तशा फळ्या विकत मिळत नसत. केप टाउनच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरांवर एलंड्स बे नावाचे ठिकाण आहे. तेथील लाट त्यानेच प्रथम हेरली, असे तेथले लाटस्वार मानतात. १९५९ च्या सुमारास डिक मेट्झ हा कॅलिफोर्नियाचा भटक्या लाटस्वार, वाटेत भेटेल त्या वाहनात जागा मागत मागत, केप टाउनला पोहोचला. समुद्रकिनारी त्याची व व्हिटमोरची गाठ पडली. दोघांची मैत्री जमली. मेट्झ मायदेशी परतल्यावर त्याने आफ्रिकेच्या लाटांच्या गोष्टी आपल्या मित्रांस सांगितल्या, आणि त्या मित्रांत ब्रूस ब्राउन होता.

ब्राउनच्या मनात प्रथम केवळ दक्षिण आफ्रिकेस जाऊन येण्याचा बेत होता. तिकिटाची चौकशी करता त्यास एक चमत्कारिक गोष्ट कळली. कॅलिफोर्नियाहून केप टाउनला जाऊन परत येण्यापेक्षा साऱ्या पृथ्वीची प्रदक्षिणा करण्याचे तिकीट ५० डॉलरांनी स्वस्त पडत होते! तेव्हा प्रदक्षिणाच करावयाची ठरली. उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. योग्य वेळी विषुववृत्त ओलांडीत गेले, तर मनुष्यास वर्षभर उन्हाळ्यातच राहता येईल. या कल्पनेवरून त्याने चित्रपटाचे नाव ‘द एन्डलेस समर’, म्हणजे न संपणारा उन्हाळा, असे ठेवले. सेनेगल, घाना व नायजेरिया हे देश पाहून मंडळी दक्षिण आफ्रिकेत उतरली आणि मोटारीत बसली.

हा मार्ग मोठा विलक्षण आहे. केप टाउनच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर असून तेथे दक्षिणेकडून येणारा थंड बेंग्वेला प्रवाह वाहतो. भर उन्हाळ्यातही ते पाणी अंगास झोंबते. किनाऱ्याने पूर्वेस निघाले की आगुल्हासचे भूशिर लागते. आफ्रिका खंडाचे हे अगदी दक्षिणेचे टोक. त्याच्या पलीकडे हिंदी महासागर सुरू होतो आणि उत्तरेकडून येणारा उष्ण आगुल्हास प्रवाह भेटतो. दरबानपर्यंत जावे तो पाणी कोमट झालेले असते. रस्त्याच्या एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस शेते, आणि शेतांच्या कडेस अधूनमधून दिसणारा निळा पट्टा. त्या समुद्रात मोठे पांढरे शार्कही वावरतात. दरबानच्या किनाऱ्यापुढे शार्कांसाठी १९५२ पासून जाळी लावण्यात येत असत, पण मधल्या शेकडो किलोमीटरांच्या किनाऱ्यावर असे काही नव्हते. त्या काळी फळी पायास बांधण्याची दोरीही निघाली नव्हती. लाटेवरून पडलेल्या स्वारास फळीच्या मागे किनाऱ्यापर्यंत पोहतच जावे लागे.

पोर्ट एलिझाबेथ या बंदराच्या पश्चिमेस मोटारीच्या वाटेने सुमारे १०० किलोमीटरांवर सेंट फ्रान्सिसचे भूशिर आहे. बंदराचे नाव २०२१ साली बदलून खेबेऱ्हा असे करण्यात आले. पोर्तुगीज दर्यावर्दी मानुएल पेरेस्ट्रेलो याने १५७५ साली त्या भूशिरास हे नाव दिले. गलबतांस धोक्याची सूचना देण्यासाठी १८७८ साली तेथे दीपगृह उभे राहिले. व्हिटमोरने सुचवलेल्या ठिकाणांत हे भूशिर होते. त्या काळी तेथे मासेमारीसाठी येणाऱ्यांची थोडी घरे होती. बाकी सारा प्रदेश म्हणजे वाळूच्या टेकड्या.

चित्रपटात हा भाग असा दिसतो. दोघे तरुण फळ्या घेऊन वाळूच्या टेकड्या चढत आहेत, उतरत आहेत, पुन्हा चढत आहेत. पाय रुततात, ऊन तापते. शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर पोहोचताच ते एकदम थबकतात. खाली उपसागरात लहान, पण रेखीव लाटा एकीमागून एक येत आहेत आणि गोट्यांच्या किनाऱ्यालगत जणू यंत्राने कातल्याप्रमाणे फुटत चालल्या आहेत. हिन्सन धावत जाऊन पाण्यात शिरतो, पहिली लाट धरतो, आणि ती संपतच नाही. घसरता घसरता तो इतका दूर जातो की किनाऱ्यावरचा मनुष्य ठिपक्याएवढा दिसू लागतो. लाटस्वारांच्या जगात या दृश्याइतके दुसरे कोणतेही दृश्य गाजले नाही. त्या लाटेस पुढे ब्राउनच्या नावावरून ‘ब्रूसेस ब्यूटीज’, म्हणजे ब्रूसच्या सुंदऱ्या, असे नाव पडले.

लाट खरी होती, तीवरचा खेळ खरा होता. शोधाची गोष्ट मात्र थोडी सजवलेली होती. मंडळी त्या ठिकाणी मोटारीनेच पोहोचली होती. टेकड्या तुडवण्याचा भाग लाटांवरचा खेळ झाल्यावर मुद्दाम चित्रित केलेला होता. तेथे वर्षातील तीनशे दिवस अशाच लाटा असतात, असे चित्रपटात सांगितले आहे, आणि तेही खरे नाही. दक्षिणेचे फार मोठे वादळ उठून लाट योग्य दिशेने आली, तरच ती भूशिरास वळसा घालून इतक्या आत पोहोचते. असे दिवस वर्षात फार थोडे येतात. ब्राउनच्या मंडळींस तो दिवस लाभला, हे त्यांचे भाग्य. पुढे चित्रपट पाहून दूरदूरचे तरुण आले, शांत पाण्याकडे पाहत आठ-आठ दिवस बसले, आणि परत गेले. त्यांच्यापैकी कित्येकांस जवळच जेफ्रीज बे येथे तशीच लांब आणि पुष्कळ अधिक वेळा फुटणारी लाट मिळाली. ती आज जगातील उत्तम लाटांत गणली जाते. ब्राउनची मोटार तिच्या अगदी जवळून पुढे निघून गेली होती.

‘शोध’ हा शब्दही येथे जपून वापरला पाहिजे. सेंट फ्रान्सिसच्या टेकड्यांत शिंपल्यांचे प्राचीन ढीग सापडतात. फार पूर्वी या किनाऱ्यावर खोई व सान लोक राहत, शिंपले भाजून खात आणि टरफले तेथेच टाकीत. त्या लाटा त्यांनी रोज पाहिल्या असणार. एवढेच नव्हे, तर १९६३ साली त्या देशात कोणास कोणत्या किनाऱ्यावर पाऊल ठेवता येईल हे मनुष्याच्या वर्णावरून ठरत होते. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा गोऱ्यांसाठी व इतरांसाठी वेगळ्या करण्याची मुभा दिली होती, आणि उत्तम पुळणी गोऱ्यांकडे गेल्या होत्या. दरबानमध्ये भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मुलांसही शहराच्या मुख्य पुळणीवर जाण्यास बंदी होती. समुद्र समोर दिसे, पण त्यात उतरता येत नसे. १९८९ साली किनारे सर्वांस खुले झाले आणि पुढच्या वर्षी तो कायदा रद्द झाला. ब्राउनच्या चित्रपटात उन्हाळ्याचा आनंद पुष्कळ आहे, या गोष्टीचा विचार मात्र नाही.

चित्रपट तयार झाला, पण मोठे वितरक तो घेण्यास तयार होईनात. समुद्रकिनाऱ्याबाहेर हा खेळ कोण पाहील, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ब्राउनने समुद्रापासून अतिशय दूर असलेले कॅन्सस राज्यातील विचिटा हे शहर निवडले, आणि ऐन हिवाळ्यात, बर्फ पडत असता, तेथील चित्रपटगृहात तो लावला. प्रेक्षकांच्या रांगा लागल्या. १९६६ साली तो अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. त्यानंतर जगभर फळ्या लादलेल्या मोटारी ओसाड किनाऱ्यांच्या वाटांस लागल्या. मेक्सिको, मोरोक्को, पोर्तुगाल, जेथे म्हणून भूशिर होते तेथे कोणी ना कोणी जाऊन पोहोचले. पुढे आकाशातून काढलेली छायाचित्रे घरबसल्या दिसू लागली. नामिबियाच्या वाळवंटाकाठी, वॉल्विस बे बंदराजवळ, दीड-दोन किलोमीटरांपर्यंत फुटत जाणारी एक लाट अशाच छायाचित्रांतून हेरली गेली आणि २००८ साली जगासमोर आली. तेथेही वाळूतून शेवटचा पल्ला मोटारीनेच गाठावा लागतो.

इकडे सेंट फ्रान्सिस येथे काय झाले? चित्रपटात ज्या टेकड्या नुसत्या तापलेल्या, निरुपयोगी वाटतात, त्या खरोखर वाळूची एक नदी होती. भूशिराच्या पश्चिमेच्या पुळणीवर समुद्र वाळू आणून टाकी. पश्चिमेचा वारा ती कणाकणाने उडवून भूशिरावरून पलीकडे नेई आणि पूर्वेकडील उपसागरात सोडी. त्या वाळूवर तेथली रुंद पुळण जगत होती. पुढे गाव वाढू लागले. पांढऱ्या भिंतींची आणि गवती छपरांची सुंदर घरे टेकड्यांच्या वाटेवर उभी राहिली. उडती वाळू घरांत शिरू नये म्हणून १९७० नंतरच्या काळात टेकड्यांवर झुडपे लावून वाळू जागच्या जागी बांधून टाकण्यात आली. घरे बांधणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. अंगणात वाळू कोणास हवी असते? पण वाळूची नदी अडली. समुद्र पूर्वेकडील पुळणीवरची वाळू पूर्वीप्रमाणेच उचलून नेत राहिला, आणि तिच्या जागी नवी वाळू येईना. पुळण अरुंद होत गेली. शेवटी भरतीचे पाणी घरांच्या पायथ्याशी येऊ लागले आणि मालकांस समुद्रापुढे दगडांच्या राशी रचाव्या लागल्या. ब्राउनच्या लाटेखालच्या गोट्यांवरही पूर्वी वाळूचा थर असे व त्यामुळे ती अधिक सुबक फुटे, असे तेथील जुने लाटस्वार सांगतात.

ती लाट नाहीशी झालेली नाही. आता वादळांची बातमी उपग्रहांवरून आधीच कळते. चाळीस अक्षांशांच्या पलीकडे मोठे वादळ उठल्याचे समजले की जेफ्रीज बेचे लाटस्वार दोन दिवस मोजतात. मग पहाटे अंधारातच मोटारींवर फळ्या बांधून ते भूशिराकडे निघतात, आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर उजाडण्याची वाट पाहत बसतात. एखाद्या वर्षी लाट येते. पुष्कळदा सूर्य वर येतो, पाणी तळ्यासारखे पसरलेले दिसते, आणि कोरड्या फळ्या घेऊन मोटारी परत फिरतात.